आंधळ्या घोडीवरच्या तीन खाचा

अ‍ॅशलो, डर्बीशायर
सोमवार, २२ ऑगस्ट १७५७

बाथहून सर क्रिस्पिनचं पत्र आलं. मालक तिकडे संधिवातासाठी गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बसतात आणि तिथून इकडचे डोंगर हलवायला सांगतात. हलवणार कोण, तर मी, एफ्राईम ग्रॅटन, गेली सव्वीस वर्षं या इस्टेटीचा कारभारी.

पत्रात दोनच गोष्टी आहेत. पहिली, ‘आंधळी घोडी’ ही खाण मायकेलमसच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत, इस्टेटीच्या ताब्यात हवी. आपली शिशाची शीर सरळ त्या खाणीच्या पोटात शिरते आणि तिथे अडते. युद्ध चालू आहे, बंदुकीच्या गोळ्यांना शिसं पुरत नाही, हल बंदरातले व्यापारी हात जोडून उभे आहेत. दुसरी गोष्ट, खाण मिळाली नाही तर बाईसाहेबांचे भाचे मिस्टर पॉम्फ्रेट यांना कारभारी नेमावं असं घाटतंय. कारभाऱ्याचं घर कारभाऱ्याबरोबर जातं, हे पत्रात लिहिलेलं नाही, पण लिहायची गरजही नाही.

मी घाबरलो का? छे. पॉम्फ्रेटला मी पाहिलंय. शिसं कुठलं आणि कथील कुठलं हे त्याला सांगावं लागतं. तरी खरं लिहायचं तर दुपारी घास उतरला नाही. मटण थंड होतं हेही एक कारण असेल.

लगोलग उत्तर लिहिलं. ‘सर, आपले कृपापत्र पावले. आंधळी घोडी मायकेलमसपूर्वी आपल्या तबेल्यात बांधलेली असेल, याविषयी निश्चिंत असावे.’ तबेल्याचं वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

माझं अक्षर मलाच लागत नाही, त्यामुळे पत्राची स्वच्छ प्रत आणि नकलवहीतली नोंद हे काम माझी बहीण डॉर्कस करते. वीस वर्षं करते आहे. तिने पत्र वाचलं, लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, “आणि अँथनी वाइल्डगूसचं काय?”

खाण वाइल्डगूसची आहे. मी म्हटलं, त्याचं काय ते कायदा बघेल. तिने लेखणी उचलली आणि प्रत पुरी केली.

बुधवार, २४ ऑगस्ट

रात्रीच्या जेवणाला डॉर्कसला खाणीचा कायदा समजावून सांगितला. तिनेच विचारलं म्हणून. एरवी मी कायद्यावर बोलायला लागलो की तिला चुलीवरचं काहीतरी आठवतं.

प्रकरण सोपं आहे. वाइल्डगूसचा पाय जुलैत मोडला. त्याचा पुतण्या हाताखाली होता, तो सैन्यात गेला. तेव्हापासून खाणीच्या तोंडावरचा रहाट फिरलेला नाही. आमच्या डोंगरात न चालणारी खाण कुणाच्या बापाची राहत नाही. मागणाऱ्याने मागितली की बारमास्टर, म्हणजे खाणपंचायतीचा मुख्य, तीन शनिवार रहाटाच्या लाकडावर एकेक खाच पाडतो. तीन खाचा झाल्या की चोवीस पंच बसतात आणि खाण मागणाऱ्याला देतात. मालकाची सुटका फक्त दोन कारणांनी होते, खाणीत पाणी भरलेलं असलं तर किंवा हवा कोंदलेली असली तर. मोडका पाय म्हणजे पाणीही नाही आणि हवाही नाही.

डॉर्कसने विचारलं, खाण चालू आहे असं म्हणायला किती माल वर यावा लागतो. मी म्हटलं, दर आठवड्याला एक बादली निघाली तरी त्या आठवड्याची खाच मेली. मात्र काढणारा भागीदार हवा. आणि त्याच्या शब्दाला दुजोरा देणारा दुसरा माणूस हवा, शपथेवर.

“कुठलाही भागीदार?”

“कुठलाही. चोविसाव्या हिश्श्याचा का असेना. पण वाइल्डगूसला भागीदार आहे कुठे? माणूस जन्मभर एकटा खणत आलाय.”

तिने मला ओटची आणखी एक भाकरी वाढली. इतक्या मन लावून माझं बोलणं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. बरं वाटलं.

शनिवार, २७ ऑगस्ट

पहिली खाच पडली.

बारमास्टर राल्फ स्टॅली याच्याबरोबर मी स्वतः डोंगर चढलो. स्टॅली हा मोजून बोलणारा इसम आहे, आणि मोजतानाही हात आखडता घेणारा. त्याने दुपारी बाराचा ठोका ऐकला, खाणीत दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, तेव्हा सुरी काढून रहाटाच्या कण्यावर बोटभर खाच पाडली. आवाज अगदी क्षुल्लक झाला. मला वाटलं होतं जरा काहीतरी वाटेल, पण तसं काही वाटलं नाही.

वाइल्डगूस खाली त्याच्या दारात बसला होता. पाय फळ्यांत बांधून तिवईवर ठेवलेला. त्याने लांबून टोपी उचलली. मीही उचलली. माणूस वाईट नाही. तीस वर्षांपूर्वी त्याने डॉर्कसला मागणी घातली होती. वडील नुकतेच गेले होते, घरातला कर्ता मी, तेव्हा नकाराचं पत्र मीच लिहिलं. तीन ओळी. फापटपसारा नाही, अपमान नाही, आशेला जागा नाही. माझ्या उमेदीतल्या चांगल्या पत्रांत मी ते धरतो. पुढे त्याने दुसरीशी लग्न केलं, ती वारून नऊ वर्षं झाली. डॉर्कसने लग्न केलं नाही. तिला आवडच नव्हती त्याची.

मंगळवार, ३० ऑगस्ट

डॉर्कस गेल्या गुरुवारसारखीच आजही सकाळी आठला बाहेर पडली ती चारला आली. आजारी माणसाकडे बसायला गेले होते म्हणाली. पोलक्याच्या बाहीपर्यंत आणि घागऱ्याच्या गुडघ्यापर्यंत चिखल. तो आपल्या रस्त्यावरचा काळा चिखल नव्हता, पिवळट होता, म्हणून मी लिहून ठेवतो. मी म्हटलं, आजाऱ्याच्या घरी जरा झाडलोट तरी करत जा. ती हसली.

जेवण थंड होतं.

गुरुवार, १ सप्टेंबर

हल बंदरातल्या मिस्टर ओल्ड्रॉइडना पत्र लिहिलं. ‘आपणांस हिवाळ्याअगोदर तीस गाड्या उत्तम शिसे देण्याचे वचन देतो. शीर मोकळी होण्यास आता केवळ काही दिवसांचा अवकाश आहे.’ ओल्ड्रॉइड हा कुरकुऱ्या गृहस्थ आहे. त्याला प्रत्येक लगडीत भेग दिसते. पण माझ्या पत्रापुढे त्याची मात्रा चालणार नाही.

डॉर्कस आजही आठ ते चार बाहेर. संध्याकाळी तिने प्रत केली तर अक्षर असं थरथरलेलं की मी दचकलो. आमच्या इस्टेटीची पत्रं तिच्या अक्षरावरून लोक ओळखतात. हात बघितला तर दोन्ही तळव्यांना फोड. विचारलं तर म्हणाली, दोरीने आले. विहिरीची दोरी जुनी झाली आहे खरी. लगेच नवी दोरी आणायला माणूस पाठवला. घरातल्या बारीकसारीक गोष्टींकडे बाप्यांचं लक्ष नसतं असं म्हणतात, ते माझ्या बाबतीत खोटं आहे.

माझी जुनी चामड्याची तुमान वाळत घातली होती ती गेली. चर्चची घंटा वाजवणाऱ्या फ्रिथची बकरी मोकाट सुटलेली असते. त्याला दोन शब्द सुनावले. तो म्हणाला, साहेब, बकरी तुमान खाईल, पण पट्टा आणि बक्कल कशाला खाईल? उद्धट आहे.

शनिवार, ३ सप्टेंबर

दुसरी खाच. मी गेलो नाही, गुडघा दुखत होता. स्टॅली परत जाताना दारावर थांबला.

त्याने सांगितलं की बाराच्या ठोक्याला खाणीवर कुणी नव्हतं, म्हणून रीतसर खाच पाडली. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, “रहाटाची दोरी ओली होती, ग्रॅटनसाहेब.”

मी म्हटलं, दव पडतंय हल्ली.

“दव असेल,” तो म्हणाला. “तोंडाशी मालाचा ढीगही होता छोटासा. तोही दवाने आला असेल.” आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याला बिअर देऊ केली. नको म्हणाला. स्टॅली बिअरला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. म्हातारा झाला बहुतेक.

रविवार, ४ सप्टेंबर

चर्चमध्ये पाद्रीसाहेब परमेश्वराच्या न्यायावर तळमळीने बोलत होते आणि आमची डॉर्कस पहिल्या बाकावर चक्क घोरत होती. मी कोपराने ढोसलं तर ‘धरलंय, धरलंय’ असं काहीसं पुटपुटली. मागच्या बाकावरची माणसं खुसखुसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, ७ सप्टेंबर

आज मिस्टर पॉम्फ्रेट यांचं पत्र आलं. थेट मला. या घराला खिडक्या किती आणि त्यांची लांबी-रुंदी काय, ते कळवावं, म्हणजे पडदे बाथलाच शिवून घेता येतील.

मी नऊ खिडक्या आहेत असं कळवलं. अकरा आहेत. दोन खिडक्या त्याला उघड्या राहू देत.

पण पत्र बंद केलं आणि मनात हिशोब मांडला. मी एकसष्ट वर्षांचा. मला कुठेही एखाद्या पेढीवर पत्रं लिहायला ठेवून घेतील. पण डॉर्कस? त्रेपन्न वर्षांची अविवाहित बाई, घर नाही, नवरा नाही, भावाशिवाय कुणी नाही. तिला कुणाच्या माजघरात शिवण करत बसायला लागलं तर? हा सगळा खटाटोप मी तिच्यासाठीच तर करतोय. तिला हे कळत नाही. बायकांना घराचं छप्पर आपोआप डोक्यावर आल्यासारखं वाटतं.

तशी ती सध्या अगदी मजेत आहे. काल मंगळवारी परत चिखलाने माखून आली, पण गालांवर रंग होता, आणि भांडी घासताना चक्क गात होती. जेवली तर एखाद्या नांगऱ्यासारखी. केसांना मेणबत्तीच्या चरबीचा वास येत होता. मी म्हटलं, आजारी माणसाच्या घरी एवढा अंधार असतो का? ती म्हणाली, “असतो रे. पण माणूस सुधारतोय.”

शनिवार, १० सप्टेंबर

तिसरी खाच! आंधळी घोडी पकडली.

पंचायत २१ तारखेला बसते, पण तो आता उपचार राहिला. तीन खाचा पडल्यावर खाण कुणी वाचवलेली मला तरी माहीत नाही. त्यामुळे वेळ न घालवता सर क्रिस्पिनना लिहिलं: ‘सर, कळविण्यास अत्यानंद होतो की खाण आपली झाली. मिस्टर पॉम्फ्रेट यांनी पडद्यांचा खर्च करू नये.’

डॉर्कसने प्रत केली. अक्षर आज आणखीच वाईट. ती म्हणाली, “हे पत्र पंचायत झाल्यावर पाठव, एफ्राईम.”

मी म्हटलं, “तू अक्षर सांभाळ, मजकूर मी सांभाळतो.”

“माझं ऐक एकदा. मला तुझ्याशी बोलायचंय.”

डाक निघायची वेळ झाली होती. मी टोपी घातली आणि गेलो. परत आलो तेव्हा ती झोपली होती. काय बोलायचं होतं कोण जाणे. घोळत राहतात मनात बायकांच्या काही काही गोष्टी.

सोमवार, १९ सप्टेंबर

पंचायतीसमोरचं भाषण तयार केलं. डॉर्कसला वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाली, भाषण छान आहे. मग माझ्या कोटाचं सैल बटण घट्ट करून दिलं, आणि दिवा मालवायच्या आधी खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. आमच्यात तशी पद्धत नाही. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, तू चांगला माणूस आहेस. ते मला ठाऊकच होतं, पण ऐकायला बरं वाटलं.

बुधवार, २१ सप्टेंबर

आज जे झालं ते मी क्रमाने लिहितो, कारण क्रमाने लिहिलं तरच मला ते समजेल.

‘पांढऱ्या हरणा’च्या सरायीच्या माडीवर पंचायत बसली. चोवीस पंच, सगळे खाणवाले, धुतलेल्या शर्टांत. स्टॅली मध्ये. वाइल्डगूस कुबड्या घेऊन आला होता, त्याला कुणी खुर्ची दिली. मी भाषण केलं. मधे एकदाही अडखळलो नाही. तीन शनिवार, तीन खाचा, पाणी नाही, हवा मोकळी, खाण इस्टेटीला द्यावी. खाली बसलो तेव्हा दोघे-तिघे पंच मान डोलावत होते.

स्टॅलीने रीतीप्रमाणे विचारलं, या तीन आठवड्यांत खाण चालली असं कुणाचं म्हणणं आहे का. विचारणं हा उपचार असतो, कुणी उत्तर देत नाही.

मागून डॉर्कस म्हणाली, “माझं आहे.”

मला आधी वाटलं मी चष्मा विसरलो आणि तो द्यायला ती आली आहे. चष्मा नाकावरच होता. ती पुढे आली आणि हात पंचांपुढे धरले, तळवे वर करून. फोडांचे आता घट्टे झाले होते. ती म्हणाली की पाय मोडण्याआधी अँथनीने फोडून ठेवलेला माल तळाशी पडून होता. ती दर मंगळवारी आणि गुरुवारी सहा वाव, म्हणजे छत्तीस फूट, खाली उतरली, बादली भरली, वर चढली आणि रहाट ओढला. दिवसाला दोन बादल्या. शनिवारी गेली नाही, कारण शनिवारी भावाचं सामिष जेवण आणि आठवड्याची पत्रं असतात.

माडीवर एवढा हशा पिकला की स्टॅलीला टेबल वाजवावं लागलं. एक पंच म्हणाला, बाई, पण तुमचा त्या खाणीशी संबंध काय? काम भागीदाराने करायला हवं.

स्टॅलीने टेबलाखालून जुनी वही काढली. त्याच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या बारमास्टरच्या हातची. बोट ठेवून वाचलं: सन १७२७, मे महिना, आंधळी घोडी खाणीचा चोविसावा हिस्सा अँथनी वाइल्डगूसकडून डॉर्कस ग्रॅटन हिला, ‘होऊ घातलेल्या विवाहानिमित्त’. ना त्याने कधी नाव खोडलं होतं, ना तिने हिस्सा परत केला होता. तीस वर्षं माझ्या घरात एक खाणमालकीण भाजी चिरत होती आणि मला पत्ता नाही.

हसू थांबलं. मग फ्लिंट नावाचा पंच बोलला. तो आमच्या भट्टीला माल घालतो आणि मला खूश ठेवायला त्याला आवडतं. तो म्हणाला, हिस्सा असेल, पण काम केलं हे कशावरून? वाइल्डगूसचा शब्द त्याच्याच खाणीसाठी चालत नाही. घट्टे तर कपडे धुऊनही पडतात. दुसरा साक्षीदार आहे का? नाही ना? मग सरळ बोलायचं तर बाई खोटं बोलतायत.

स्टॅलीने वही मिटली. त्याने दोरी ओली पाहिली होती, पण माणूस पाहिला नव्हता. डॉर्कसने हात खाली घेतले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. मी तिथेच दहा पावलांवर बसलो होतो, आणि मला कुणी काही विचारलं नाही.

मी नुसता मूग गिळून बसलो असतो तर खाण आपली होती. घर आपलं होतं. परसातली गूजबेरीची झुडपं, अकरा खिडक्या, सगळं. एवढंच करायचं होतं, बसून राहायचं. आणि मला ते जमेना. तो फ्लिंट, ज्याच्या मापात निम्मी माती असते, तो माझ्या बहिणीला चोवीस माणसांत खोटारडी म्हणाला.

मी उठलो. आवाज माझ्याच ओळखीचा नव्हता. मी म्हटलं, “शपथ द्या. दुसरा साक्षीदार मी आहे.”

मग सांगितलं. गुरुवार २५ ऑगस्ट, आठला गेली, चारला आली. मंगळवार ३० ऑगस्ट, तीच वेळ, गुडघ्यापर्यंत चिखल, पिवळा. तो पिवळा चिखल या मुलखात कुठल्या खाणीचा आहे, हे इथल्या चोवीस जणांना मी सांगायला नको. गुरुवार १ सप्टेंबर, तळव्यांना फोड, दोरीचे. विहिरीला नवी दोरी बांधूनही गेले नाहीत. मंगळवार ६, केसांना चरबीच्या मेणबत्तीचा वास. गुरुवार ८, डाव्या कोपराला खरचटलेलं. आणि माझी चामड्याची तुमान, बक्कल पितळेचं, ती कुठे आहे ते आता मला कळलंय. खुर्चीतून वाइल्डगूस म्हणाला, “माझ्या घरी वाळत आहे, साहेब.” तेव्हा पंचसुद्धा हसले, आणि मग कुणी हसलं नाही.

तीन आठवडे, तीन खाचा, तिन्ही मेल्या. चोविसांपैकी तेविसांनी हात वर केला. फ्लिंटने खिडकीबाहेर बघितलं.

आजवर इतकी चोख साक्ष या पंचायतीत कुणी दिली नसेल, असं स्टॅली म्हणाला. तेही खरंच आहे.

येताना आम्ही दोघं एका गाडीत होतो. मैलभर गेलो. मग ती म्हणाली की तुला आधी सांगणार होते, दोनदा प्रयत्न केला. मी म्हटलं, माहीत आहे. तिने विचारलं, रागावलास का? मी म्हटलं, हो, फार. आणि तिच्या पायांवर घोंगडी घातली, कारण वारा सुटला होता.

गुरुवार, २२ सप्टेंबर

सर क्रिस्पिनना पत्र. पाच मसुदे फाडले, सहावा ठेवला. ‘सर, माझे १० तारखेचे पत्र चुकीचे होते. खाण चालू होती. ती चालू असल्याची साक्ष मी स्वतः दिली, कारण ते खरे होते. आपला आज्ञाधारक, ए. ग्रॅटन.’ दुसरं मिस्टर ओल्ड्रॉइडना, की तीस गाड्यांचं वचन मी परत घेतो. आंधळ्या घोडीचं शिसं हवं असेल तर तिच्या मालकांशी बोलावं, दोघे आहेत.

डॉर्कस प्रत करायला बसली. मी म्हटलं, हात बरे होईपर्यंत राहू दे, ही दोन माझ्याच अक्षरात जातील. वाचता येणार नाही कुणाला, ती म्हणाली. येईल. पत्रं लहान आहेत.

शनिवार, १ ऑक्टोबर

बाथहून उत्तर. मिस्टर पॉम्फ्रेट पुढल्या महिन्यात येत आहेत, तोवर घर रिकामं करावं, नकलवह्या जागेवर ठेवाव्यात. सव्वीस वर्षांबद्दल एक ओळ आहे, बरी आहे, मी पॉम्फ्रेटला लिहिलेल्या ओळींपेक्षा बरी.

मी डगमगलो नाही. कारभारी गेला म्हणून माणूस जात नाही. चांगलं पत्र लिहिणारा माणूस या डोंगरात दुसरा कुणी नाही हे शत्रूही मानतात, आणि शत्रू माझे पुष्कळ आहेत.

रविवार, २ ऑक्टोबर

चर्चहून आल्यावर आम्ही बशा पेंढ्यात गुंडाळायला घेतल्या. ती गुंडाळत होती, मी पेटीत ठेवत होतो. पंचायतीपासून एक गोष्ट मला सलत होती. ‘होऊ घातलेल्या विवाहानिमित्त.’ होऊ घातलेल्या म्हणजे काय? कुणी घातलेल्या?

शेवटी विचारलं. मी म्हटलं, तीस वर्षांपूर्वीचं ते माझं पत्र. त्यात काही चूक होती का? मला तर ते अजूनही नेटकं वाटतं.

ती म्हणाली, “नेटकंच होतं. मला ते गेल्यावर कळलं.”

“मग तू काही बोलली का नाहीस?”

“तू विचारलंच नव्हतंस, एफ्राईम.”

हातातली बशी मी खाली ठेवली. मग विचारलं, जे मी तेव्हा विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? तिने एक बशी गुंडाळली, दुसरी गुंडाळली. म्हणाली, “हो म्हणाले असते.”

मी पेटीवर बसलो. तीस वर्षं. त्यातली वीस वर्षं या बाईने माझी पत्रं सुंदर अक्षरात लिहिली, आणि तिचं स्वतःचं एकच पत्र, ते मी लिहिलं, आणि त्यात तिचा एक शब्द नव्हता. मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. डॉर्कस म्हणाली, बंधुराज, पेंढा ओला होईल.

मी उठलो, टेबलाशी गेलो, कोरा कागद घेतला, लेखणी शाईत बुडवली. वाइल्डगूसला आज, आत्ता लिहायचं होतं. ‘सर’ एवढं लिहिलं आणि थांबलो. मग मान वळवून विचारलं, “काय लिहू?”

तिने माझ्या हातातून लेखणी काढून घेतली आणि दौतीशेजारी ठेवली.

“काही लिहू नकोस. मी जाते आणि सांगते.”

तिने टोपी बांधली आणि निघाली. आता मी खिडकीशी बसून हे लिहितोय. ती डोंगराच्या वाटेला लागली आहे, हातात टोपली नाही, काठी नाही, आणि चालते आहे ती घाईने. वळणावर थांबून तिने मागे बघितलं. मी हात वर केला. बशा अजून अर्ध्या राहिल्यात, त्या मीच गुंडाळतो.